घड्याळाच्या तावडीत सापडलेली चूल

2025च्या एप्रिलात गौरव खन्नानं ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’ जिंकलं आणि त्याच महिन्यात स्टार प्रवाहवर ‘शिट्टी वाजली रे’ सुरू झालं. दोन्हीकडे कलाकार मंडळी, दोन्हीकडे उलटं धावणारं घड्याळ. स्वयंपाक मात्र तोंडी लावण्यापुरता. हे असंच चालू राहिलं तर टीव्हीवरची पाककला संपलीच, असं मला वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

‘मास्टरशेफ इंडिया’ 2010 साली सुरू झालं. त्यातून घरच्या स्वयंपाकाला मान मिळाला, हे खरं. 2023 मध्ये सुवर्णा बागुल शेवटच्या तिघांत पोचल्या, तेव्हा मलाही आनंद झाला. पण तिथं पदार्थाची किंमत ठरते ती ताटलीतल्या मांडणीवर आणि परीक्षकाच्या एका घासावर.

माझं मन रमतं ते नागपूरच्या विष्णू मनोहरांच्या ‘मेजवानी’त. ई-टीव्ही मराठीवर हा माणूस कुणाला हरवायला उभा नसायचा. फोडणी कधी उतरवायची, रस्सा कुठवर आटू द्यायचा, हे हात चालवता चालवता सांगायचा. वऱ्हाडातली बाई ते वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरात ती भाजी शिजायची. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकानं 1970 पासून जे काम केलं, तेच काम टीव्हीनं इथं पुढं नेलं. संजीव कपूर यांनी ‘खाना खजाना’तून देशाला शिकवलं, पण वऱ्हाडी झणका आमच्या बोलीच्या लयीत ऐकायला मिळाला तो मनोहरांकडूनच.

आणि म्हणूनच त्यांच्या विक्रमांचं मला दुःख आहे. 2017 च्या एप्रिलात नागपुरात सलग 53 तास स्वयंपाक. 2018 साली जळगावात 2500 किलो भरीत. जिद्द दांडगी, याबद्दल वाद नाही. पण भरिताचा जीव असतो करपलेल्या सालीच्या धुरकट वासात. एकेक वांगं हातानं फिरवत, देठापर्यंत मऊ झालं की नाही ते दाबून पाहत भाजावं लागतं. आकडा मोठा झाला की लोक कढईच पाहतात, वांग्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. स्पर्धेची हवा शिकवणाऱ्या माणसालाही लागली, ती अशी.

आमच्या वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याकडच्या रोडग्यांचं उदाहरण घ्या. जाडसर दळलेल्या कणकेच्या लहानमोठ्या पाऱ्यांना तेल लावायचं, त्या एकीत एक गुंडाळून गोळा बांधायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात, म्हणजे जगऱ्यात ठेवायचा. जगरा धगधगता असला तर वरून कोळसा, आत कच्चं. राख धरलेल्या निखाऱ्यातच रोडगा आतपर्यंत शिजतो आणि त्याला आपला वेळ लागतो. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, हातानं फोडायचा, वाफ निघतानाच तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. घाई केली की रोडगा बिघडतोच. साठ मिनिटांच्या स्पर्धेत तो बसणार कसा? मांडणी करायला जावं तर तो राखाडी, फुटका, ओबडधोबड. रोडग्याची परीक्षा पंगत करते. दुसऱ्यांदा मागितला जातो की नाही, एवढंच तिथं पाहतात.

म्हणजे स्पर्धेच्या नियमांतच आमचं निम्मं जेवण आधीच बाद झालेलं आहे. जे तासाभरात होतं आणि फोटोत देखणं दिसतं, तेवढंच ‘भारतीय पाककला’ म्हणून मुलांपुढं जातं. खेड्यातली पोरगी हे पाहून आईच्या जगऱ्याची लाज धरायला लागते आणि ताटलीवर चटणीचे ठिपके काढायला शिकते. यात दोष तिचा नाही, वाहिन्यांचा आहे. प्रेक्षकांना असलंच हवं असतं, हा त्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही. ‘मेजवानी’ वर्षानुवर्षं पाहणारे प्रेक्षक हेच होते. त्यांच्यापुढं एकदा जगरा पेटवा, घड्याळ काढून ठेवा आणि रोडगे भाजून होईपर्यंत कॅमेरा तिथून हलवू नका.