यादी कोणाची, फोन कोणाचा?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं घेतली आहेत.)

आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काही जणांना वाटलं असेल, की यावर व्याख्यान कशाला? ऑफिसच्या कामाचे नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आपोआप यावेत, बदलले की आपोआप बदलावेत. सेटिंगमध्ये जायचं, सिंक चालू करायचं, झालं! मीही असंच समजत होतो. म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या, ट्रस्टच्या रुग्णालयात कार्यालयाची व्यवस्था बघत होतो. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही. चाळीसेक कर्मचारी. ऑक्सिजन सिलिंडरवाला, जनरेटरचा मेकॅनिक, रक्तपेढी, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, रात्री बोलवायचे डॉक्टर, हे सगळे नंबर रिसेप्शनच्या टेबलावर काचेखाली एका कागदावर होते. कागदावर खाडाखोड, बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, एक नंबर चहाच्या डागाखाली. (हशा) रात्रपाळीच्या सिस्टरला नंबर हवा असला, की जिना उतरून खाली पळायचं.

मी म्हटलं, हे काय चाललंय? एक नवं जीमेल खातं उघडलं, सगळे नंबर त्यात भरले आणि तेच एक खातं चाळीस जणांच्या स्वतःच्या फोनमध्ये जोडून दिलं. कॉन्टॅक्ट सिंक चालू. संध्याकाळपर्यंत काम फत्ते. चहा झाला, कौतुकही झालं.

तीन-चार आठवड्यांनी एक सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाल्या, "सर, माझ्या वकिलांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये कसा गेला?"

त्यांनी तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला होता. आपण करतो तसं, लक्षात राहावं म्हणून नावापुढे कामही लिहिलं होतं. काम घरगुती होतं. माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. फोनने नवा नंबर ठेवायला ऑफिसचं खातं निवडलं, आणि सिंक दोन्ही बाजूंनी चालू होतं. त्यामुळे ती नोंद आधी खात्यात गेली आणि तिथून चाळीस फोनांत उतरली.

मी तो नंबर लगेच पुसला. पण ज्यांनी वाचला होता, त्यांच्या डोक्यातून कसा पुसणार? आणि लक्षात घ्या, यात बिघाड कुठलाच नव्हता. सगळं मी लावून दिलं होतं तसंच, अगदी बिनचूक चाललं होतं. म्हणूनच मला या सोयीवर टीका करायची आहे. नंबर पोचतात की नाही, ही तिची परीक्षा नाही. नोंद बदलायचा अधिकार कोणाला आहे आणि बदल कुठल्या दिशेने वाहतो, ही खरी परीक्षा आहे.

यासाठी आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, 'उतारा'. सातबाराचा उतारा तुमच्या घरी असतो. त्यावर तुम्ही पेनने काहीही लिहा, जमिनीची नोंद बदलत नाही. बदल करायचा तर फेरफार घालावा लागतो. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, मग सातबारा बदलतो. त्या व्यवस्थेबद्दल आपल्या तक्रारी शंभर असतील, पण मूळ नोंद कुठली आणि उतारा कुठला, याबद्दल तिथे गोंधळ नाही. माझ्या रुग्णालयात मी काय केलं होतं? चाळीस जणांना उतारा दिला असं मी समजत होतो. प्रत्यक्षात चाळीस जणांच्या हातात मूळ नोंदवही दिली होती, आणि त्यांना सांगितलंही नव्हतं.

आता या कसोटीवर प्रचलित पद्धती तपासून बघू.

पहिली पद्धत फाइलची. ग्रुपवर कॉन्टॅक्टची फाइल टाकायची, ज्याने त्याने उतरवून घ्यायची. ही फाइल म्हणजे व्हीकार्ड. १९९५ च्या सुमारास ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी एकत्र येऊन हे प्रमाण तयार केलं. कल्पना साधी, व्हिजिटिंग कार्ड इलेक्ट्रॉनिक करायचं. म्हणजे हा निव्वळ उतारा आहे, मूळ नोंदीशी धागाच नाही. इथे कोणाची खासगी गोष्ट बाहेर जात नाही, पण मेकॅनिकने नंबर बदलला तर फोनमधल्या कार्डाला ते कधीच कळत नाही. आणि जुना नंबर नुसता निरुपयोगी राहत नाही. बंद केलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो देता येतो. म्हणजे रात्री दोन वाजता तुम्ही जनरेटरवाल्याला फोन लावता आणि भलत्याच घरी झोपलेला माणूस उचलतो.

दुसरी पद्धत माझी, सगळ्यांना एकच खातं. छोट्या संस्थांत, दुकानांत, सोसायट्यांत ती सर्रास चालते, कारण फुकट आहे. तिचा एक दोष सांगितला. दुसरा असा, की कोणीतरी रविवारी बसून फोनमधले 'डुप्लिकेट' साफ करतो आणि सोमवारी सगळ्यांच्या फोनमधून रक्तपेढी गायब! गुगलमध्ये ३० दिवसांच्या आत यादी पूर्वस्थितीला नेता येते, हे खरं. पण ते कोणाला तरी माहीत हवं, आणि गायब झालंय हे त्या ३० दिवसांत कळायला हवं. रक्तपेढीला आपण रोज थोडाच फोन करतो?

तिसरी पद्धत मोठ्या कंपन्यांची, डिरेक्टरी. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर कंपनीची एक सामायिक पत्त्यांची यादी असते. ती सर्व्हरवरच राहते. तुम्ही नाव टाइप करता, सर्व्हर उत्तर देतो. उताऱ्याच्या कसोटीवर ही उत्तम आहे. मूळ नोंद एक, बदलणारा ॲडमिन एक. मग लोक कुरकुर का करतात? कारण माणसाला नंबर फक्त शोधायचा नसतो, आलेला फोन ओळखायचाही असतो. फोन वाजतो तेव्हा तो साधारणपणे स्वतःत उतरलेली यादीच बघतो, सर्व्हरला विचारायला जात नाही. स्क्रीनवर नुसते दहा आकडे. आणि हल्ली फसवणुकीच्या भीतीने अनोळखी नंबर कोण उचलतं? वॉर्डातून सिस्टर फोन करतेय आणि डॉक्टर तो कर्जवाल्यांचा समजून कट करतात. मग लोक काय करतात? डिरेक्टरीतून बघून एकेक नंबर हाताने सेव्ह करतात. फिरून आपण पहिल्या पद्धतीवर आलो.

चौथी पद्धत, वरून खाली उतरणारी एकेरी प्रत. आयफोनवर आउटलुक ॲपमधले कॉन्टॅक्ट फोनमध्ये सेव्ह करता येतात, ते असे एकेरी. बदल आउटलुकमध्ये करायचा, मग फोनमध्ये उतरतो. पण त्यात फक्त तुमच्या मेलबॉक्समधले कॉन्टॅक्ट उतरतात, कंपनीची सगळी डिरेक्टरी नाही. म्हणून मग ॲडमिनला ती यादी प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये भरत राहावी लागते आणि त्यासाठी वेगळ्या सेवा विकत घ्याव्या लागतात. खुला मार्गही आहे. कार्डडॅव्ह नावाचं प्रमाण २०११ पासून आहे, त्यात यादी 'फक्त वाचण्यासाठी' देता येते. आयफोनला ते मुळातच समजतं, अँड्रॉइडवर वेगळं ॲप टाकावं लागतं. या चारांत माझं मत या शेवटच्या पद्धतीला आहे. फोन वाजला की नाव दिसतं, आणि कर्मचाऱ्याच्या फोनमधून उलट काही वर जात नाही.

पण मत दिलं म्हणजे टीका संपली असं नाही. दोन गोष्टी राहतात.

पहिली, नावांची. व्हीकार्डमध्ये नावाचे कप्पे ठरलेले आहेत. आडनाव, नाव, मधलं नाव, पुढे-मागे उपाधी. या साच्यातून आपला माणूस 'शिंदे रमेश बाळकृष्ण' होऊन बाहेर येतो. तुमच्या फोनमध्ये तो काय म्हणून आहे? 'रमेश जनरेटर'. (हशा) हसू नका, सगळ्यांच्या फोनमध्ये असंच आहे. 'पाटील गॅस', 'जोशी मॅडम ऑडिट', 'अण्णा टँकर'. हा अडाणीपणा नाही, हे शहाणपण आहे. अंधारात, घाईत माणसाला आडनाव आठवत नाही, काम आठवतं. कंपनीची यादी उतरते, फोन दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या समजून कधी जोडतो, कधी जोडत नाही, आणि तुमचा 'रमेश जनरेटर' कुठेतरी हरवतो. माझं म्हणणं, सामायिक यादी करणाऱ्याने वापरणाऱ्यांची ही रीत उचलावी. आधी काम, मग नाव. 'जनरेटर – शिंदे'. त्याला एक पैसा खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये यादी उतरली, की ती त्याच्या फोनमधल्या इतर ॲपच्याही हाताशी येते. २०१२ मध्ये पाथ नावाचं ॲप लोकांची अख्खी ॲड्रेस बुक न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत त्या कंपनीने ८ लाख डॉलर दंड भरला. दरम्यान आयफोनवर कॉन्टॅक्ट बघण्याआधी परवानगी विचारणं सुरू झालं, अँड्रॉइडवर वापराच्या वेळी विचारणं २०१५ मध्ये आलं. पण परवानगी कोण देतं? फोनचा मालक. कोणाच्या नंबरांसाठी? यादीतल्या सगळ्यांसाठी. ड्रायव्हरने एखादं गेम टाकलं आणि 'अलाऊ' दाबलं, तर रात्री बोलवायच्या डॉक्टरांचे खासगी नंबर गेले. डॉक्टरांना कोणी विचारलं?

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे. माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. नोकरीशी संबंधित काही कामांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मोकळीकही आहे. कायद्याने घर आणि ऑफिस वेगळं धरलं आहे. फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये मात्र दोन्ही एकाच डब्यात! अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून 'वर्क प्रोफाइल' आहे, त्यात कामाचा कप्पा वेगळा होतो. कर्मचारी घाबरतात, की कंपनी आपले फोटो बघेल. स्वतःच्या फोनवर घेतलेल्या वर्क प्रोफाइलमध्ये कंपनीला घरचा कप्पा दिसत नाही, हे त्यांना बसून समजावायला हवं. नुसतं 'इन्स्टॉल करा' असा मेल पाठवून भागत नाही.

आमच्या रुग्णालयात पुढे काय झालं? ते सामायिक खातं मी प्रत्येक फोनमधून स्वतः काढलं. खातं काढलं की त्याबरोबर उतरलेले नंबर जातात. पण काहींनी ते आपल्या खात्यात कॉपी करून घेतले होते, ते राहिलेच. नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या बाबतीतही हेच होतं, ध्यानात ठेवा. मग यादीला एक धनी ठरवला. रिसेप्शनच्या ताई. नंबर बदलला तर त्यांना सांगायचं, त्या फोन लावून खात्री करणार, मगच नोंद बदलणार. सिंक वगैरे त्यानंतर. आणि काचेखालचा कागद परत आला, या वेळी खाली तारीख घालून. त्या कागदाला हसलो होतो मी. पण त्यावर खाडाखोड करणारा चार जणांच्या देखत करत होता, आणि स्वतःची खासगी गोष्ट त्यावर कोणाच्या हातून चुकून लिहिली जाणं शक्य नव्हतं.

त्या सिस्टरांची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत." ते खरं होतं. पण यादी उतरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता, यांच्या फोनमधून वर काय जाईल? तो मी विचारला नाही. तुम्ही विचारा, एवढंच सांगायला आलो होतो.

प्रश्न : आमचं छोटं दुकान आहे, आठ माणसं. एवढा खर्च आणि उपद्व्याप कोण करणार?

उत्तर : करूच नका. आठ माणसांना सिंक लागत नाही. ऑनलाइन शीटवर यादी ठेवा, बदलायचा अधिकार एकाकडे, बाकीच्यांना फक्त बघायला. अगदी नडीचे पाच नंबर सगळ्यांकडून समोर बसवून सेव्ह करून घ्या. दर तीन महिन्यांनी ते पाच लावून बघा. मात्र एकच खातं सगळ्यांच्या फोनमध्ये टाकू नका. फुकटात मिळतं म्हणून तो मोह होतो, मलाही झाला होता.

प्रश्न : कर्मचारी म्हणाला, माझा फोन आहे, मी ऑफिसची यादी घेणार नाही, तर?

उत्तर : त्याचं बरोबर आहे. फोन त्याचा, रिचार्ज त्याचा. काम नंबरांवाचून अडत असेल तर संस्थेने फोन द्यावा. प्रत्येकाला देणं परवडत नाही ना? मग जागेला द्या. आम्ही शेवटी वॉर्डात एक साधा मोबाइल टेबलावर ठेवला. पाळी बदलली की तो पुढच्या सिस्टरच्या हातात. डॉक्टरांच्या फोनमध्ये त्या एका नंबराला 'वॉर्ड' एवढंच नाव. त्यानंतर फोन कट झाल्याची तक्रार निदान माझ्यापर्यंत तरी आली नाही.