खुला ज्ञानकोश आणि आमच्या शाळा

घरांत ज्ञानकोशाचे खंड असणें हें एके काळीं सुशिक्षित कुटुंबाच्या हौसेचें आणि ऐपतीचें लक्षण समजलें जाई. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनीं लिमिटेड मंडळी काढून व वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग तडीस नेले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं वाई येथें मराठी विश्वकोशाचें कार्य चाललें आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. आज हे दोन्ही कोश आंतरजालावर कोणासही विनामूल्य वाचतां येतात. त्यांच्या शेजारीं १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया हा तिसरा कोश उभा आहे. त्याला प्रमुख संपादक नाहीं आणि वर्गणीदारही नाहींत. वाचणाऱ्यानेंच लिहावें व एकाचें लिहिलेलें दुसऱ्यानें सुधारावें, ही त्याची रीत. मुलांच्या हातीं मोबाइलवाटें सहज येणारा कोश तो हाच. यास्तव त्याला वर्गांत प्रवेश द्यावा कीं नाहीं, असा वाद आमच्या शिक्षकवर्गांत वारंवार निघतो. आमच्या मतें हा वाद भलत्याच ठिकाणीं अडकला आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें मालेगांवीं. मोसम आणि गिरणा यांच्या संगमाजवळ वसलेलें, नाशिक जिल्ह्यांतील हें शहर यंत्रमागांचें. तेथील एका मराठी शाळेंत वरच्या इयत्तेस ‘आमचें गांव’ हा निबंध घातला होता, आणि त्या वह्या चाळण्याचा आम्हांस योग आला. बहुतेक वह्यांत आरंभींचीं चार वाक्यें शब्दशः तींच होतीं: नद्यांचीं नांवें, किल्ला, लोकसंख्या आणि नाशिकपासूनचें अंतर. यांत खोटें कांहींच नव्हतें. परंतु ज्या मागांचा खडखडाट वर्गाच्या खिडकींतून अखंड ऐकूं येत होता, त्यांचा उल्लेख जेमतेम एका ओळीचा! ज्यांच्या गल्लींत रात्रपाळीचे माग चालतात, त्या मुलांनींही आपलें गांव परक्याच्या नजरेनेंच पाहिलें होतें. गुरुजींनीं यावर फर्मान काढलें कीं, यापुढें विकिपीडिया उघडावयाचा नाहीं. त्यांचा संताप आम्हांस समजतो. पण उपाय पटत नाहीं. जो प्रश्न चार वाक्यें उतरून घेतल्यानें सुटतो, तो प्रश्नच मुळांत दुबळा होय.

या कोशावरील आक्षेप पोकळ आहेत असें मात्र कोणी समजूं नये. २००५ सालीं जॉन सिगेन्थेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रांत कोणा खोडसाळानें केनेडी बंधूंच्या हत्येशीं त्याचा संबंध सुचविणारा मजकूर घातला, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. उलट बाजूनें, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकानें ४२ विषयांवरील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. तेव्हां विकिपीडियाच्या लेखांत सरासरी चार, तर ब्रिटानिकाच्या लेखांत सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाच्या चालकांनीं या तपासणीच्या पद्धतीवर कडक टीका केली, हेंही सांगितलें पाहिजे. शिवाय ही तपासणी इंग्रजी लेखांची होती. तिचा दाखला मराठी कोशास जसाच्या तसा लागू करणें सयुक्तिक नव्हे. शेंकडों जाणत्यांच्या नजरेखालून गेलेला लेख आणि एखाद्या हौशी गृहस्थानें एका बैठकींत टाकलेला लेख यांची किंमत एक नसते. आणि आमच्या भाषेंत लिहिणारे हात अद्यापि थोडे आहेत.

मग अशा कोशाचा वर्गांत उपयोग काय? आमचें उत्तर असें कीं, त्यांतील उत्तरांपेक्षां त्याची घडण अधिक उपयोगी आहे. छापील कोश तयार कापड हातीं देतो; हा कोश माग दाखवितो. प्रत्येक लेखामागें ‘इतिहास’ या नांवाचें एक पान असतें. कोणतें वाक्य केव्हां आलें, कोणीं बदललें व कोणीं पुन्हां पूर्ववत् केलें, हें तेथें तारीखवार नोंदलेलें सांपडतें. ‘चर्चा’ या पानावर वाद करण्याची सोय असते. आणि खालीं दिलेले संदर्भ, अथवा त्यांचा अभाव, लेखाची खरी पत सांगतो. आता मालेगांवच्या किल्ल्याचेंच पाहा. तो नारो शंकर राजेबहाद्दर यांनीं १७४० च्या सुमारास बांधला, असें सांगतात. शिक्षकानें एवढेंच विचारावें कीं, हें साल आलें कोठून? शोध घेतां मुलगा १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरापर्यंत जाऊन पोहोंचेल. १८१८ सालीं ज्या इंग्रजांनीं हाच किल्ला वेढा घालून घेतला, त्यांच्याच राज्यांतील अधिकाऱ्यांनीं तो ग्रंथ सिद्ध केला, हें त्यास तेथें कळेल. साल तेंच राहील, पण तें कोणाच्या तोंडचें आहे हें त्याला समजलेलें असेल. मालेगांवांत मराठी शाळांप्रमाणें उर्दू शाळाही पुष्कळ आहेत, आणि उर्दू विकिपीडियाही २००४ पासून चालूं आहे. एकाच विषयावरील दोन भाषांतले लेख शेजारीं ठेवून दोन शाळांतील मुलांनीं ते एकमेकांस समजावून सांगितले, तर तो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत मिळणारा नव्हे.

येथें कोणी उत्साही गृहस्थ म्हणतील, मग मुलांस लिहावयासच कां बसवूं नये? त्यांनीं पुण्याचा अनुभव ध्यानांत घ्यावा. २०११ सालीं विकिमीडिया प्रतिष्ठानानें पुण्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालय व सिंबायोसिसच्या कांहीं संस्था यांतील विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहवून घेण्याचा प्रयोग केला. हेतु स्तुत्य होता. परंतु पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतला व आंतरजालावरचा मजकूर जशाचा तसा उतरविला. तो काढून टाकतां टाकतां जुने स्वयंसेवक मेटाकुटीस आले, आणि वर्ष संपण्यापूर्वींच प्रयोग गुंडाळावा लागला. आम्ही त्या तरुणांस मुख्यत्वें दोष देत नाहीं. वाचलेलें आपल्या शब्दांत मांडण्याची संवय ज्यांस शाळेनें कधीं लाविली नाहीं, त्यांस एकदम जगापुढें लेखक म्हणून उभें केलें, यांत चूक वडिलांची होती. वह्यांतील तीं चार वाक्यें हीच त्या अपयशाची लहानपणची आवृत्ति होय.

आणखी एक अडचण आहे, आणि ती आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय आधारावांचून कांहीं लिहूं नये, असा या कोशाचा दंडक आहे, व तो योग्यही आहे. परंतु त्याचा परिणाम असा कीं, ज्याची बातमी होते त्याचा लेख सहज होतो. मालेगांवांत २००६ व २००८ सालीं झालेल्या बॉम्बस्फोटांविषयीं वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरले, आणि इंग्रजी कोशांत ते वृत्तान्त सविस्तर आले. मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, सुताचा भाव चढला म्हणजे त्याच्या घरांत काय होतें, वीज गेली म्हणजे मजुरीचें काय, याला छापील आधार शोधूं जावें तर हातीं थोडेंच लागतें. मग या गांवच्या मुलानें आपल्या गांवाचें नांव कोशांत पाहिलें असतां त्याला काय दिसावें?

म्हणूनच आम्ही म्हणतों, क्रम असा असावा: प्रथम कोश वाचणें, नंतर त्याचे आधार तपासणें, मग एखादी चूक साधार सुधारणें, आणि लेख लिहिणें सर्वांत शेवटीं, तेंही आपल्या भाषेंत. मागाचें व बाजाराचें स्वतः काढलेलें छायाचित्र या कोशाच्या चित्रसंग्रहास देण्यास छापील आधाराची गरज नसते. तेवढें काम शाळकरी मुलगाही करूं शकतो. आणि जें कोशांत बसत नाहीं, तें निबंधाच्या वहींत लिहावें. ‘आमचें गांव’ हा निबंध शिक्षकांनीं पुन्हां अवश्य घालावा, कोश उघडूंही द्यावा. मात्र अट ही कीं, कोशांत जें आहे तें सोडून बाकीचें लिहून आणावें. त्या वह्या वाचावयास मिळाल्या तर आम्हांस मालेगांवास पुन्हां जाण्यांत आनंदच वाटेल.