जाणिवेचा उशीर : मराठी नाट्य-चित्रकृतींतील वार्धक्य

मराठी रंगभूमीवरील वृद्ध हा बहुधा फिर्यादी असतो. मुलांनी काय दिले नाही, कुणी पाठ फिरवली, कुणी घरात परके केले, ह्या तक्रारीभोवती त्याचे नाट्य उभे राहते. प्रेक्षक न्यायाधीशाच्या आसनावर बसतो आणि निकाल त्याच्या मनात आधीच ठरलेला असतो. कृतघ्नतेचे हे आशयसूत्र प्रभावी खरे. परंतु त्याच्या प्रखर प्रकाशात एक वेगळा प्रश्न झाकोळून जातो. घरातील वृद्ध माणसाला आता अधिक आधाराची गरज आहे हे कोण ओळखते, कशावरून ओळखते आणि ती ओळख पटण्यास उशीर का होतो? ‘नटसम्राट’, ‘संध्याछाया’, ‘वाडा चिरेबंदी’ ही नाटके आणि ‘अस्तु’ हा चित्रपट ह्या प्रश्नाच्या अनुषंगाने एकत्र पाहिले असता त्यांच्यातील नाते नव्याने उलगडते.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि १९७४ मध्ये त्यास साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. गणपतराव बेलवलकर आपले सारे मुलांना वाटून देतात आणि आधी मुलाच्या, मग मुलीच्या घरी उपरे ठरतात. शेक्सपिअरच्या लिअरशी असलेले ह्या शोकांतिकेचे नाते सर्वश्रुत आहे. लिअरला मात्र राणी नाही; बेलवलकरांना कावेरी आहे. ज्या पत्नीला ते थट्टेने व प्रेमाने ‘सरकार’ म्हणतात, तीच त्यांच्या उधळ्या, आत्ममग्न स्वभावाला सावरून धरते. त्यांना आधाराची गरज आहे हे मुलांच्या लक्षात येत नाही, ह्याचे एक कारण असे की ती गरज कावेरी अहोरात्र भागवीत असते. तिच्या मृत्यूनंतर बेलवलकर रस्त्यावर येतात तेव्हा त्यांचे केवळ छप्पर गेलेले नसते. इतकी वर्षे न दिसलेली एक संपूर्ण व्यवस्था कोसळलेली असते. समीक्षेने बेलवलकरांच्या स्वगतांकडे जितके लक्ष दिले, तितके कावेरीच्या ह्या अबोल कामाकडे दिलेले नाही.

जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’मध्ये (१९७३) तक्रारीचा सूर मंदावतो. नाना-नानींची मुले दुष्ट नाहीत. ती दूर आहेत. एक अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. येथे वार्धक्याचे दुःख अंतराचे आहे. दूर असलेल्या मुलाला आईवडील पत्रातून आणि आवाजातून कळतात. पत्रात मात्र उतरतो तो मनाला आवरून लिहिलेला मजकूर. अंथरुणावरून उठताना लागणारा वेळ, दुपारी न शिजलेले अन्न किंवा रात्रीची जाग त्यात उतरत नाही. नवरा-बायको एकमेकांचा आधार असतात, म्हणून बाहेरून घर उभे दिसते. दोन वाकलेले खांब एकमेकांना टेकून उभे असावेत, तशी ही स्थिती आहे. नाटकाचा शेवट दोघांनी मिळून आयुष्य संपवण्यात होतो. तो प्रेक्षकाला हादरवतो. पण त्या शेवटाच्या कितीतरी आधी घरात काही बदलत गेले होते, ते पाहणारे कुणी जवळ नव्हते, हे दळवींनी अधिक सूक्ष्मपणे सुचवले आहे.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वृद्धेचे स्थान आणखी बदलते. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावच्या वाड्यात कुटुंब एकत्र आले आहे. इस्टेट, दागिने, तेराव्याचा खर्च ह्यांची चर्चा चालू असताना दादी आतून आपल्या गेलेल्या मुलाला हाका मारते, वेळ विचारत राहते. तिचे विचारणे नाटकाच्या पार्श्वभूमीचा एक ध्वनी बनते. घरातल्या माणसांना त्याची इतकी सवय झाली आहे की त्यात प्रश्न आहे हेच कुणाला जाणवत नाही. एकत्र कुटुंबात वृद्ध माणूस एकाकी नसतो हा समज एलकुंचवार असा शांतपणे खोडून काढतात. माणसांनी भरलेल्या घरातही न दिसणे शक्य आहे. घरातील कष्टाची कामे चंदूवर पडतात. त्याच्या स्वतःच्या आयुष्याचे काय झाले, हे विचारण्याची गरज कुणाला भासत नाही. सेवा करणारा आणि सेवा घेणारी, दोघेही सारखेच अदृश्य आहेत.

ह्या अदृश्यतेस भाषेचाही हातभार लागतो. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’, ‘म्हातारचळ’ ह्या शब्दसंपत्तीत वार्धक्यातील प्रत्येक बदलाला आधीच एक उत्तर देऊन ठेवले आहे. तीच गोष्ट दिवसात चारदा विचारणे, औषधाची मात्रा दुबार घेणे, गॅसवर भांडे विसरणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, एरवी टापटीप असलेल्या माणसाने कपडे न बदलणे, ह्यांतील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर वयाचा भाग वाटते. त्यांची संगती लावणारी नजर म्हणीमुळे आळसावते. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, तो मराठी घरांत पुढेही दीर्घकाळ हट्ट, विक्षिप्तपणा वा चळ ह्या नावांनीच वावरला.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’चे (२०१३) महत्त्व येथे आहे. संस्कृतचे व्यासंगी प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती ढासळत चालली आहे. ज्यांचे सारे आयुष्य शब्दांवर उभे होते, त्यांच्यातून शब्दच निघून जात आहेत. मुलगी इरा त्यांच्यावर प्रेम करते, थकते, चिडते आणि त्या चिडण्याने पुन्हा अपराधी होते. हत्तीच्या मागे निघून गेलेले शास्त्री माहुताच्या कुटुंबात पोहोचतात आणि माहुताच्या पत्नीला, चन्नम्माला, आई मानतात. ती त्यांच्यातील विद्वानाला ओळखत नाही. समोर असलेल्या असहाय माणसाला मात्र लगेच ओळखते. इरेची अडचण नेमकी उलट आहे. वडील कोण होते हे तिला इतके ठाऊक आहे की ते आता कोण आहेत हे स्वीकारणे तिला जड जाते. जवळच्या माणसाला जाणिवेचा उशीर होतो तो प्रेम नसल्यामुळे होतोच असे नाही. जुनी प्रतिमा सोडवत नाही म्हणूनही होतो. अधिक मदत आणणे म्हणजे त्या प्रतिमेचा अंत मान्य करणे. मराठी कलाकृतीत हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले आहे. ह्या चित्रपटाच्या संवादांसाठी भावे यांना, आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तथापि ‘अस्तु’लाही एक मर्यादा आहे. चन्नम्माचे वात्सल्य फार थोड्या काळापुरते आहे. वर्षानुवर्षांची जागरणे तिच्या वाट्याला आलेली नाहीत. तिच्या सहजतेपुढे इरेचा थकवा उणा दिसण्याचा धोका चित्रपटात आहे. शिवाय कावेरी असो, इरा असो वा चन्नम्मा, पाहण्याचे आणि सांभाळण्याचे काम स्त्रीकडेच राहते. चंदू हा अपवाद. आणि तोही घरात दुय्यम ठरलेला पुरुष.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. बेलवलकरांची फिर्याद अशा कायद्याला कळू शकते. दादीची हाक कळू शकत नाही, कारण निर्वाह मागता येतो, लक्ष मागता येत नाही. ह्या कृतींचे मोल तेथे आहे. ‘नटसम्राट’पासून ‘अस्तु’पर्यंतच्या चार दशकांत मराठी कलाकृती ‘वृद्धांना कुणी टाकले’ ह्या प्रश्नाकडून ‘वृद्धांना कुणी पाहिले’ ह्या प्रश्नाकडे सरकत आली. पहिला प्रश्न प्रेक्षकाला दुसऱ्याच्या घराचा निवाडा करू देतो. दुसरा त्याला स्वतःच्या घरातील आतल्या खोलीकडे कान द्यायला लावतो.