मातीचा बैल आणि छापील बैल

प्राथमिक शाळेतील चित्रकलेचा तास बऱ्याच ठिकाणी एकाच चित्रावर भागतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नदी आणि नारळाचे झाड. ज्या मुलांनी नारळाचे झाड कधी पाहिलेले नाही तीही ते काढतात, कारण फळ्यावर ते असते. कार्यानुभवाच्या तासाला याच गोष्टीचे दुसरे रूप दिसते. बाजारातून आणलेला कापलेला पुठ्ठा, चकाकणारा कागद आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईवडिलांनी चिकटवलेली वस्तू. याला आपण ‘सर्जनशील उपक्रम’ म्हणतो. आमचा आक्षेप या नावाला आहे. ज्या कामात मुलाला स्वतः काहीच ठरवायचे नसते, त्यात सर्जन कोठून येणार?

हा आक्षेप एका गावाच्या उदाहरणाने तपासून पाहू. दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील गाव. ते सोलापूर-कलबुर्गी लोहमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. तुरीची बाजारपेठ म्हणून ते व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. या पट्ट्यात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. अशा घरातले मूल मराठी शाळेत आले की सुरुवातीला वर्गातले बरेचसे बोलणे त्याच्या डोक्यावरून जाते. ते गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल ‘कच्चे’ ठरायला वेळ लागत नाही.

याच सीमाभागात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करून पुजण्याची चाल आहे. कन्नडमध्ये या दिवसाला ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात. मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. हा सण जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर लवकरच येतो. घरी माती मळून बैल घडवलेले मूल शाळेत आले की त्याच्यापुढे छापील बैल ठेवला जातो आणि सांगितले जाते, ‘रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस.’ वर्गात जीभ अडत असताना हात तरी बोलू शकले असते. तेही आपण बंद करतो.

या संदर्भात देवीप्रसाद यांच्या ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकाची आठवण होते. नॅशनल बुक ट्रस्टने ते १९९८ साली प्रसिद्ध केले. देवीप्रसाद शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि १९४४ साली आपल्याच वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमच्या शाळेत हस्तोद्योग केंद्रस्थानी होता. त्या शाळेत मुलांच्या चित्रांना आणि मातीकामाला त्यांनी मानाचे स्थान दिले. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली नक्कल नव्हे, आणि कला ही शिक्षणावरची नक्षी नसून शिक्षणाचा पाया आहे, ही त्यांची भूमिका. ती आम्हाला पूर्णपणे मान्य आहे.

परंतु एक अडचण मांडली पाहिजे. देवीप्रसाद स्वतः चित्रकार होते, कुंभारकामात निष्णात होते. मुलाच्या कामात कोठे हात घालायचा आणि कोठे मागे सरायचे, हे अशा शिक्षकाला उमजते. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या शाळेतील गुरुजींना किंवा बाईंना हे शिक्षण कोणी दिलेले नाही. त्यांना ‘मुलांना मुक्त सोडा’ एवढेच सांगितले तर वर्गात गोंधळ होतो आणि पुढच्या आठवड्यात फळ्यावर पुन्हा तेच दोन डोंगर उगवतात. आमच्या मते याला एक उपाय आहे. जेथे कलावंत शिक्षक नाही तेथे शिकवण्याचे काम साहित्यावर सोपवावे. मात्र साहित्य असे हवे की जे मुलाला उलट उत्तर देईल. कापलेला पुठ्ठा उत्तर देत नाही. काळी माती देते.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीच्या खनिजांचे प्रमाण मोठे असते. या खनिजांच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते, माती फुगते. पाणी गेले की ती आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच बैलाच्या पोटाला पडतात. पाय बारीक आणि पोट जाड केले तर पाय आधी वाळून आकसतात, पोट मात्र ओलेच राहते; मग जोडाशी तडा जातो. पोळ्याच्या बाजारातले मातीचे बैल आखूड, जाड पायांचे का असतात, हे मुलाला येथे न सांगता कळते. आकार केवळ आवडीतून येत नाही, सामग्रीच्या स्वभावातूनही येतो. कलेचा हा मोठा धडा आहे आणि विज्ञानाचाही.

मुलांना येथे मोजमापही करता येईल. नुसती काळी माती, वाळू मिसळलेली माती आणि बारीक भुसा मिसळलेली माती, अशा तीन प्रकारांच्या प्रत्येकी १० सेंमी लांबीच्या पट्ट्या करून सावलीत वाळवाव्यात. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजाव्यात. समजा एखादी पट्टी ९.२ सेंमी भरली, तर आकुंचन ८ टक्के झाले. वाळूचे कण आकसत नाहीत, भुशाचे धागे माती धरून ठेवतात. आपल्या बैलासाठी कोणती माती घ्यायची हे मग मुलाने ठरवावे. शिंगांना तुराटीच्या काड्या लावायच्या की मातीचीच शिंगे वळायची, हेही त्यानेच ठरवावे.

माघ-फाल्गुनात ज्वारी निघाली की धाटे मिळतात. वरची चिवट साल सोलून आतल्या भुसभुशीत गाभ्यात खोचत खेड्यातील मुले गाड्या करतात. सालीची कड बोट कापते, तेवढी काळजी घ्यावी. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण पक्का का राहतो आणि चौकोन का ढासळतो हे मुलांना दाखवले. धाटाची गाडी तोच धडा फुकटात देते.

यावर शिक्षकांकडून तीन हरकती येतील, आणि त्या खोट्या नाहीत. वर्ग घाण होतो, वेळ जातो आणि पाहुण्यांना दाखवायला देखणी वस्तू उरत नाही. पहिलीवर उपाय म्हणजे काम अंगणात घ्यावे. दुसरीबद्दल एवढेच, की या एका कामात परिसर अभ्यास, मोजमाप आणि टक्केवारी येऊन जाते. त्या विषयांचा वेळ इकडे घेता येईल. टक्केवारी मोठ्या मुलांनी काढावी, धाकट्यांनी पट्ट्या नुसत्या शेजारी ठेवून पाहाव्यात. तिसरी हरकत मात्र आमच्याच सवयीची आहे. आपण वस्तू तपासतो, मुलाने केलेला विचार तपासत नाही. गुण देताना तीनच प्रश्न विचारावेत : यात तू काय ठरवलेस? काय फसले? पुढच्या वेळी काय बदलशील?

उत्तर मुलाने कन्नडमध्ये दिले तरी ते उत्तरच आहे. ‘एत्तु’ म्हणणाऱ्या मुलाकडून वर्गाने तो शब्द शिकावा आणि त्याला ‘बैल’ द्यावा. पुढच्या प्रदर्शनात चकाकत्या कागदाच्या वस्तूंशेजारी एक तडा गेलेला बैलही मांडावा. तडा का गेला, हे त्या मुलाने आपल्या भाषेत पाहुण्यांना सांगावे.