मागणी एकाची, तबकडी एक

पंधरा-वीस वर्षांपूर्वी पालीला बल्लाळेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर हार, नारळ आणि पेढ्यांच्या शेजारी आरत्यांच्या सीडींचे ढीग लागत. अशाच एका ढिगात मला राजदत्तांचा ‘अष्टविनायक’ (1979) मिळाला. पातळ पाकिटात दोन व्हीसीडी होत्या. या चित्रपटातल्या आठ गणपतींच्या गाण्यात पालीचंही कडवं आहे आणि ते म्हणायला मराठी पडद्यावरची नामवंत मंडळी आली आहेत. त्यामुळे पालीत घेतलेली ती तबकडी मला प्रसादासारखी वाटली होती. सरसगडाच्या पायथ्याशी पाऊस कसा कोसळतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. काही पावसाळ्यांनी तबकडीच्या कडेला बुरशीची नक्षी उमटली आणि दुसरा भाग मध्येच अडू लागला. नवी घ्यायला गेलो, तर त्या वाटेवर आता सीडीच उरल्या नव्हत्या.

जुना मराठी चित्रपट घरी आणून बघण्याची कला आज नेमकी इथे येऊन थांबली आहे.

मधल्या काळात व्हीसीडीने मोठं काम केलं, हे आधी मान्य करायला हवं. मोझर बेअरने 2007च्या सुमारास तबकड्यांच्या किमती तीस रुपयांच्या आसपास आणल्या आणि थिएटर नसलेल्या गावांतही घरोघर सिनेमा पोचला. पण त्या स्वस्ताईची किंमत चित्रपटाने मोजली. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं आणि एका तबकडीत जेमतेम सव्वा तासाचा मजकूर. त्यामुळे चित्रपटाचे दोन-तीन तुकडे व्हायचे आणि तुकडा कुठे पाडायचा हे दिग्दर्शक नव्हे, तबकडीची क्षमता ठरवायची. माझ्याकडच्या काही तबकड्यांत श्रेयनामावलीच कापलेली आहे. काहींत कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह चित्रपटभर ठाण मांडून बसतं. अंधाराच्या दृश्यांत माणसांचे चेहरे चौकोनी ठोकळे होतात. छायालेखकाने कंदिलाच्या उजेडात जे साधलं, ते आपण कधी पाहिलंच नाही.

डीव्हीडीने चित्र सुधारलं, निवड मात्र अरुंदच राहिली. विनोदी चित्रपट आणि गाजलेली नाटकं यांना मागणी होती, म्हणून ती निघाली. ‘संत तुकाराम’ (1936) किंवा ‘श्यामची आई’ (1953) यांना नावामुळे जागा मिळाली. त्यांच्यामागे उभे असलेले कितीतरी चित्रपट हजार प्रतींचा खप होणार नाही म्हणून मागेच राहिले.

आता सगळं यूट्यूबवर आहे, असं कुणी म्हणेल. पण तिथे बहुतेक वेळा भेटते ती त्याच व्हीसीडीची नक्कल. ती आज असते, उद्या हक्कांच्या वादात नाहीशी होते. ‘बघायला मिळणं’ आणि ‘आपल्याकडे असणं’ यांत घर भाड्याचं असणं आणि स्वतःचं असणं एवढा फरक आहे.

अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने मार्च 2009मध्ये यावर एक साधा मार्ग काढला. गोदामातल्या दुर्लक्षित चित्रपटांची यादी जाहीर केली आणि गिऱ्हाईकाने मागणी नोंदवली की तेवढीच एक तबकडी तयार करून टपालाने पाठवायला सुरुवात केली. कारखान्यात साच्यावर हजारो प्रती दाबून काढायच्या, तर आधी खपाची खात्री लागते. कोऱ्या तबकडीवर लेसरने चित्रपट उतरवायला एका माणसाची इच्छा पुरते. अशा तबकडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने लवकर खराब होतो, हा तिचा दोष खरा. पण मूळ डिजिटल प्रत जपलेली असेल, तर दुसरी तबकडी काढता येते.

हे आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही. मराठी प्रकाशक पिढ्यान्‌पिढ्या प्रकाशनपूर्व नोंदणीवर जाडजूड ग्रंथ काढत आले आहेत. वाचक आधी पैसे भरतो, पुस्तक नंतर येतं. हाच विश्वास चित्रपटाच्या बाबतीत का नसावा?

हक्कांची अडचण सांगितली जाते, तीही सरसकट खरी नाही. 1957च्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे प्रभातचं सगळं वैभव, ‘कुंकू’ (1937), ‘माणूस’ (1939), ‘शेजारी’ (1941), केव्हाच सर्वांचं झालं आहे. अडतं ते चांगल्या प्रतीपाशी. बाबुराव पेंटरांचा मूक ‘सावकारी पाश’ (1925) आपण कायमचा गमावला. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोलाचा साठा जळाला, त्यात प्रभातच्या मूळ प्रतीही होत्या. जे वाचलं, ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात डबा-डबा जमवल्यामुळे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून 2022मध्ये सुमारे 2,200 चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी 363 कोटी रुपये जाहीर झाले. जनतेच्या पैशाने स्वच्छ झालेला चित्रपट महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा कपाटात जाणार असेल, तर तो वाचला असं मी म्हणणार नाही. मागणी नोंदवणाऱ्याला त्याची तबकडी मिळाली पाहिजे. घरात प्लेअर नसेल त्याला पेनड्राइव्हवर द्यावी. सोबत पूर्ण श्रेयनामावली, उपशीर्षकं आणि चार पानी टिपण असावं.

घेणार कोण, या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावातच आहे. 1967च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. त्यांतल्या थोड्यांनी जरी वर्षाला चार चित्रपट मागवले, तरी हे काम आपल्या पायावर उभं राहील.

माझी पहिली मागणी ठरलेली आहे: जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (1977). गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतला लिंगोबाचा डोंगर, मधमाश्यांची पोळी, नाग्या आणि चिंधी ही सगळी याच रायगडच्या मातीतली. सुधागडच्या वाड्यांत आजही ठाकर राहतात. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी उभी केलेली ती माणसं त्या वाड्यांतल्या मुलांनी कधी नीट पाहिली असतील का? या चित्रपटाचे हक्क अजून जिवंत आहेत, म्हणून हक्कधारकांची परवानगी लागेल, मोबदला द्यावा लागेल. तो मी आनंदाने देईन. तबकडी आली की ती माझ्या कपाटात ठेवणार नाही. वाडीतल्या शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर बांधू आणि पाऊस उघडल्यावर, अंधार पडला की लावू.