कट्यारीचें वय आणि इगर्टनची यादी

जुन्या शस्त्राविषयीं वाद निघाला, कीं आपले संग्राहक लॉर्ड इगर्टन यांची १८८० सालची सचित्र यादी पुढें करतात. त्या ग्रंथाची योग्यता कोणी नाकारणार नाहीं. परंतु त्याची मांडणी प्रांतवार व जमातवार आहे, कालानुक्रमानें नाहीं. एखादी कट्यार तेथील चित्राशीं जुळली म्हणून ती अमुक शतकांतील ठरते, हें अनुमान त्या यादींतून निघत नाहीं.

तंजावरच्या कट्यारी घ्याव्या. तेथें भोसल्यांचें राज्य १६७६ च्या सुमारास आलें, म्हणून त्यांस सरसकट ‘मराठेशाही’ म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः यांतील पुष्कळ मुठी नायककालीन घडणीच्या आहेत, आणि कित्येक पातीं म्हणजे युरोपांतील तलवारींचे तुकडे, मुठीपासून पुढें आलेल्या जिभांत खिळ्यांनीं बसविलेले. अर्थात् पात्याचें वय निराळें, मुठीचें निराळें, आणि सांध्याचें आणखी निराळें. पात्यावर रोमन अक्षरें दिसलीं कीं पातें विलायती, हाही नियम नव्हे. जिनोव्हाचें नांव व दातेरी चंद्रकोरी हिंदी लोहारांनीं यथेच्छ उतरविल्या आहेत. ‘आईन-इ-अकबरीं’तील ‘जमधर’ शब्द यमाशीं जोडून कट्यारीस पुराणकाळीं नेणारेही भेटतात. व्युत्पत्ति मान्य केली, तरी तिनें हातांतील लोखंड जुनें होत नाहीं.

पोलादाचा जौहर ही खूण बळकट खरी. मुशींत आटविलेल्या पोलादांत सुमारें दीड टक्का कार्बन असतो व त्याच्या नागमोडी रेषा अंगच्याच असतात. पातें घासलें तरी सौम्य आम्लानें त्या पुन्हां उमटतात. साध्या लोखंडावर आम्लानें काढलेली नक्षी एकदां घासून गेली, कीं परत येत नाहीं. तथापि खरा जौहर म्हणजे सतरावें शतक नव्हे. असें पोलाद तेलंगणांत एकोणिसाव्या शतकांतही निघत होतें, आणि विसाव्याच्या अखेरीस अमेरिकेंत व्हरहोवेन व पेंड्रे यांनीं तें पुन्हां करून दाखविलें.

सोन्याच्या कामास भिंग पुरतें. तहनिशानांत चर खोदून तार ठोकतात. कोफ्तगिरींत पृष्ठभाग बारीक रेघांनीं खरवडून त्यावर ती बसवितात. सोनें उडालेल्या जागीं चर आहे कीं खरवड, तें पाहावें. विजेच्या मुलाम्याखालीं दोहोंपैकीं कांहींच नसतें, व तो १८४० च्या आधींचा असूं शकत नाहीं. मूठ हस्तिदंती म्हणून सांगितली, तर आडव्या छेदावर परस्परांस छेदणाऱ्या कमानी दिसल्या पाहिजेत. हाडावर बारीक काळे ठिपके असतात.

हें सर्व पाहावयाचें तर वस्तु अस्पर्शित हवी. आणि आपल्याकडे ती हातीं येतांच विटकरीची पूड व चिंच लावून लखलखीत करितात! खिळ्यांभोंवतालचा जुना गंज व अर्धवट उडालेलें सोनें हाच पुरावा. तो चिंचेबरोबर धुवून जातो. यापुढें कट्यारीचें वर्णन प्रसिद्ध करणारांनीं वजन, बुडाशीं व टोंकाशीं पात्याची जाडी, आणि सफाईपूर्वीं घेतलेलें सांध्याच्या दोन्ही अंगांचें छायाचित्र अवश्य द्यावें.