तळ्यातली बुगाटी: दुरुस्त करायची की तशीच ठेवायची?

मंडळी, वस्तूची ओळख कशात असते, हा आपला आजचा प्रश्न. तो एका गाडीच्या निमित्तानं पाहू. वर्षानुवर्षं दुर्लक्षित पडलेली जुनी स्पोर्ट्‌स कार हाती आली, तर ती नव्यासारखी करावी की आहे तशी ठेवावी? प्रश्न हौशी श्रीमंतांचा वाटेल. पण पडका वाडा, आजोबांचं घड्याळ, यांच्या बाबतीतही तो आपल्यापुढे येतोच.

स्वित्झर्लंडमधल्या अस्कोना गावापाशी, माज्जोरे सरोवराच्या तळाशी १९२५ ची बुगाटी टाइप २२ अनेक दशकं पडून होती. कर थकला म्हणून कस्टमवाल्यांनी ती तळ्यात सोडली, अशी हकिगत सांगतात. २००९ साली स्थानिक पाणबुड्यांनी ती वर काढली. युवकांमधल्या हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाच्या मदतीसाठी २०१० मध्ये पॅरिसला तिचा लिलाव झाला. सुमारे २ लाख ६० हजार युरो आले. अमेरिकन संग्राहक पीटर मलिन यांनी ती घेतली आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात गंजलेल्या अवस्थेतच मांडली.

हा निर्णय मला योग्य वाटतो. पण 'मूळ गाडी जपली' हे त्याचं नेहमीचं समर्थन मला पटत नाही. कारखान्यातून निघालेली गाडी धावत होती, ही धावत नाही. मग मूळ म्हणजे नेमकं काय? मिलिंद राजाला नागसेनानं हेच विचारलं होतं: रथ म्हणजे चाक का? आस का? की सगळ्या भागांचा ढीग? एकाही भागात रथ सापडत नाही. भाग विशिष्ट रीतीनं एकत्र आले की आपण 'रथ' म्हणतो, एवढंच.

१९९० साली हा वाद लंडनच्या कोर्टात गेला. १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेल्या 'ओल्ड नंबर वन' बेंटलीत मूळचे भाग फार थोडे उरले होते, म्हणून तिची विक्री वादात सापडली. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी खरी ठरवली. कारण तिचा इतिहास अखंड होता. मला हा निकाल समजतो. गाडी वापरात असताना एकेक भाग बदलत गेला, आणि प्रत्येक बदलाच्या अलीकडे-पलीकडे तीच गाडी होती.

बुगाटीचं तसं झालं नसतं. तिथं उरल्यासुरल्या धातूभोवती एकदम नवी गाडी उभारावी लागली असती. चालू स्थितीतल्या त्या जातीच्या बुगाटी जगात आहेतच. त्यांत आणखी एकीची भर पडली असती. आणि जे फक्त हिच्यापाशी होतं, पाण्यानं पत्र्यावर केलेलं ते काम, कायमचं पुसलं गेलं असतं. माझ्या मते निर्णय बरोबर ठरतो तो या कारणानं.

पण यातून गंजाची पूजा सुरू होता कामा नये. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या एका शेडमध्ये सापडलेल्या गाड्या धुळीसकट लिलावाला मांडल्या. त्यातली फेरारी दीड कोटी युरोंच्या वर गेली. आता ती धूळ काय सांगते? तिथं फार दिवसांत कुणी फिरकलं नाही, एवढंच ना! त्यात जपण्यासारखं काय आहे? शेडमधल्या गाडीची चासी शाबूत असेल, इंजिन नुसतं जाम झालं असेल, तर ते मोकळं करावं, गाडी चालवावी. यंत्राचा अर्थ चालण्यात आहे.

तेव्हा आधी गंज थांबवा. त्यात कुणाचंच नुकसान नाही. मग विचारा, दुरुस्तीनं जे जाईल ते पुन्हा मिळवता येईल का? रंग पुन्हा देता येतो. मूळ पत्रा एकदा भंगारात गेला की गेला. आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कुठलं नि नवं कुठलं हे कळेल. ही नोंद न ठेवता केलेली चकचकीत गाडी मला फसवणुकीच्या जवळची वाटते.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ.